समुद्र दारात, पण दार कुणाच्या हातात? जुहूच्या सुमतीबेन मोरारजी आणि बोटीवर जाण्याचा हक्क

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना एखादं नाव किंवा साल सुटलं असेल, तर इथे सापडेल. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय समुद्र. आपण उपनगरातली माणसं समुद्राच्या किती जवळ राहतो, याचा कधी विचार केलाय? अंधेरीहून वर्सोवा, जुहू. बोरिवलीहून गोराईची खाडी. मालाडहून मार्वे. तिकडे पूर्वेला घाटकोपर, कांजूर, भांडुप, मुलुंडच्या पलीकडे ठाण्याची खाडी. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाणी. तरी आपल्यापैकी किती जण बोटीवर चढलेत? गेटवेहून एलिफंटाची सहल सोडा. बोट चालवायला शिकलेले किती? जहाजावर नोकरी करणारे किती? त्यात मुली किती?

समुद्र दारात आहे, हे खरं. पण ते दार उघडायचं की नाही, हे बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ठरवत आलंय. आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे, त्यांचं अख्खं आयुष्य या दाराशी जोडलेलं होतं. त्या जुहूला राहायच्या. नाव सुमती मोरारजी. ओळखीतले लोक म्हणायचे सुमतीबेन.

जमनाची सुमती झाली

सुमतीबेनचा जन्म १९०९ सालचा, मुंबईतला. वडील मथुरादास गोकुळदास, घर श्रीमंत व्यापाऱ्याचं. माहेरचं नाव जमना. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी लग्न झालं. नवरा शांतिकुमार, नरोत्तम मोरारजी यांचा एकुलता एक मुलगा. सून हुशार आहे हे सासऱ्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तिचं नाव ठेवलं सुमती.

आता हे नरोत्तम मोरारजी कोण? गिरणीवाले. आणि जहाजवालेसुद्धा. सोलापूरचे वालचंद हिराचंद तुम्हाला माहीत असतील. नाव ऐकलं नसेल, तरी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पाहिली असेलच. ती कुर्ल्यात बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्यांनीच उभी केली. तर वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही मंडळींनी मिळून १९१९ मध्ये एक जहाज कंपनी काढली, ‘सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन’. नावात सिंधिया का? कारण पहिलं जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलं होतं. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. त्याचं नाव ‘लॉयल्टी’.

५ एप्रिल १९१९ ला हे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालं. म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस. भारतीय मालकीचं जहाज विलायतेला निघालं ही मोठीच गोष्ट होती, पण त्यामागे जी भांडणं लागली ती समजल्याशिवाय सुमतीबेनचं काम कळत नाही. म्हणून दोन मिनिटं तिकडे वळू.

कॅशबॅकनं जिंकलेला समुद्र

तुम्ही म्हणाल, जहाज घेतलं, माल भरला, निघालं. अडचण काय? अडचण अशी की तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. सगळ्यात मोठी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. रंगूनहून मुंबईला तांदूळ आणायचा, कोलकात्याहून कोळसा आणायचा, तर यांचीच जहाजं.

नवा खेळाडू आला की या कंपन्या दोन गोष्टी करायच्या. पहिली, भाडं एकदम पाडायचं. इतकं की स्वतःलाही तोटा होईल. मोठी कंपनी तोटा सोसते, छोटी बुडते. छोटी बुडाली की भाडं पुन्हा वर. ॲपवाल्या टॅक्सी सुरुवातीला जवळजवळ फुकट फिरवायच्या, आणि स्पर्धा संपली की पावसात तिप्पट भाडं. आपण हे पाहिलंय, नाही का?

दुसरी गोष्ट जास्त चतुर. व्यापाऱ्याला सांगायचं, तू आमच्याकडूनच सगळा माल पाठव. काही महिन्यांनी भाड्यातला ठरावीक भाग आम्ही तुला परत देऊ. पण मधे एक पोतं जरी दुसऱ्याच्या जहाजावर चढवलंस, तर आतापर्यंतचं सगळं परतीचं गेलं. अगदी कॅशबॅकसारखं. फक्त इथे कॅशबॅक हे कुलूप होतं. व्यापाऱ्याला देशी कंपनीबद्दल कितीही प्रेम असलं, तरी अडकलेल्या पैशांपुढे तो काय करणार? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे तर मासा परदेशी आणि पाणी आपलं.

तमिळनाडूत व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली होती. ती अशीच चिरडली गेली, आणि ते स्वतः तुरुंगात गेले. सिंधिया बुडाली नाही, पण तिलाही वाकावं लागलं. १९२३ च्या सुमारास ब्रिटिश कंपन्यांबरोबर दहा वर्षांचा करार झाला. थोडक्यात सांगायचं तर, तुम्ही भारत आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर माल न्या, पण त्यापलीकडे पाय टाकू नका. म्हणजे विलायतेला जाऊन आलेल्या कंपनीला सांगितलं गेलं, अंगणात खेळा, बाहेर नाही.

आणि त्याच १९२३ मध्ये लहान वयाच्या सुमतीबेनचं नाव कंपनीचा कारभार पाहणाऱ्या मंडळात घातलं गेलं.

ऑफिसातून चालणारी जहाजं

इथे एक गैरसमज दूर करते. सुमतीबेन कॅप्टन नव्हत्या. सुकाणू त्यांच्या हातात नव्हतं. त्यांचं काम किनाऱ्यावरचं. जहाज केव्हा सुटणार, कुठे थांबणार, कुठला माल घेणार, भाडं काय लावायचं, दुरुस्तीला कधी काढायचं, खलाशांचा पगार, विमा, बंदरातले हक्क. जहाज समुद्रावर चालतं, पण ते चालतं ठेवतं ते हे ऑफिस. बोट पाण्यात सोडणं एक काम, ती रोज सुटत राहील याची तजवीज करणं दुसरं. दुसरं काम कुणाला दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कथा लिहिल्या जात नाहीत.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले. वालचंद अध्यक्ष झाले. सुमतीबेन कामात मुरत गेल्या. १९४६ पर्यंत कंपनीचा कारभार त्यांच्या हातात आला होता. सहा हजारांहून जास्त माणसं त्यांच्या हाताखाली. तेव्हा जहाज कंपनीच्या बैठकीत बाई दिसली, तर लोकांना वाटायचं चहाची व्यवस्था बघायला आली असेल. इथे बाई खुर्चीवर बसून चर्चा चालवत होती.

त्या बाजूला देश बदलत होता. मोरारजींच्या जुहूच्या घरी महात्मा गांधी राहून गेलेत. एकदा १९२४ मध्ये आजारपणानंतर, आणि परत १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर विश्रांतीसाठी. सुमतीबेन आणि गांधीजींचा पत्रव्यवहार होता. ४२ च्या चळवळीत त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना साथ दिली. पुढच्या वेळी जुहू चौपाटीवर भेळ खाताना हे आठवा, की याच वाळूच्या काठावर देशाचं राजकारण आणि देशाची जहाजं दोन्ही चालत होती.

सिंधियानं अजून एक काम केलं. जहाजं विकत घ्यायची, तर ती इंग्लंडमधूनच का? इथेच बांधू. विशाखापट्टणमला कंपनीनं गोदी उभारली. पायाभरणी १९४१ मध्ये, युद्ध चालू असताना. तिथे बांधलेलं ‘जल उषा’ हे जहाज १४ मार्च १९४८ ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. सिंधियाच्या जहाजांची नावं बघा, बरीचशी ‘जल’ पासून सुरू होतात. ती गोदी पुढे सरकारकडे गेली. आजची हिंदुस्तान शिपयार्ड ती हीच.

आणि मूळ भांडणाचं काय झालं? आपल्या किनाऱ्यावरची वाहतूक आपल्याच जहाजांसाठी राखून ठेवा, अशी मागणी जुनी होती. साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात तसं विधेयक आणलं होतं. इंग्रज सरकारच्या काळात ते काही पार पडलं नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते धोरण झालं. जहाजं, गोदी, माणसं आणि कायदा, एवढं सगळं जमलं तेव्हा कुठे अंगणाचं फाटक उघडलं.

१९५६ मध्ये सुमतीबेन भारतीय जहाजमालकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. जगात कुठेही जहाजमालकांच्या संघटनेची सूत्रं हाती घेणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९६५ मध्ये परत त्याच पदावर. त्यांच्या काळात सिंधियाचा ताफा ४३ जहाजांपर्यंत गेला, एकूण क्षमता साडेपाच लाख टनांच्या पुढे. १९७१ मध्ये पद्मविभूषण.

जाता जाता जुहूकरांसाठी एक गंमत. इस्कॉनचं जुहूचं मंदिर सगळ्यांना माहीत आहे. इस्कॉनचे संस्थापक भक्तिवेदांत स्वामी १९६५ मध्ये अमेरिकेला गेले, ते सिंधियाच्या ‘जलदूत’ या मालवाहू जहाजातून. वय जवळजवळ सत्तर, खिशात पैसे नाहीत. सुमतीबेननी आधी नको म्हटलं, एवढ्या वयात हा प्रवास झेपणार नाही म्हणून. मग तिकीट दिलं, फुकट. एकेकाळी ‘अंगणाबाहेर जाऊ नका’ असं जिला बजावलं होतं, तिचंच जहाज आता कोलकात्याहून न्यूयॉर्कला जात होतं.

शेवट गोड झाला का? नाही. पुढे कंटेनरचं युग आलं. पूर्वी पोती, पिंपं, लाकडी खोकी एकेक करून चढवायचे. आता सगळं लोखंडी पेटीत, आणि पेटी क्रेननं. जगभरच्या जुन्या पद्धतीच्या कंपन्या त्यात मागे पडल्या. सिंधियावरही कर्जाचा डोंगर झाला आणि ऐंशीच्या दशकात कारभार मोरारजींच्या हातून गेला. सुमतीबेन जून १९९८ मध्ये गेल्या. शाळांच्या कामातही त्या होत्या, जुहूच्या सुमती विद्या केंद्रात त्यांचं नाव आजही आहे.

मालकीण चालेल, कॅडेट नको

आता या गोष्टीतली टोचणारी जागा. इथे जरा थांबू या.

सिंधियासारख्या कंपन्यांकडे जहाजं आली, पण अधिकारी कुठून आणणार? सगळे गोरे. भारतीय मुलांना अधिकारी करायचं तर शिक्षण हवं. बऱ्याच मागणीनंतर १९२७ मध्ये ‘डफरिन’ नावाचं प्रशिक्षण जहाज मुंबईत माझगावजवळ नांगरलं. त्याच्यावर शिकलेली पोरं पुढे कॅप्टन झाली. डफरिननंतर १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ आलं आणि मग नव्वदच्या दशकात नवी मुंबईतली ‘चाणक्य’ ही संस्था. हीच परंपरा.

पण डफरिनवर मुली नव्हत्या. म्हणजे गंमत बघा. १९५६ मध्ये बाई देशातल्या सगळ्या जहाजमालकांची अध्यक्ष होऊ शकत होती. तिच्याच कंपनीच्या जहाजावर कॅडेट म्हणून मात्र मुलीला चढता येत नव्हतं. जहाजाची मालकी घेता येत होती, जहाजावरची नोकरी नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हणायला हवी. सुमतीबेनना दार उघडं मिळालं ते घरातून. सासरे जहाजवाले, माहेर श्रीमंत. त्यांनी त्या संधीचं सोनं केलं, यात शंका नाही. पण वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलीला ते दार मिळणार होतं का? कोळणीकडे बघा. मासळी धक्क्याला लागली की लिलाव, बर्फ, बाजार, उधारी, सगळा हिशेब बाईच्या हातात. घरचं अर्थकारण तिच्यावर. पण बोटीवर तांडेल आणि खलाशी पुरुषच. म्हणजे पुन्हा तेच. पैसा सांभाळायला बाई चालते, सुकाणूवर नको.

देशाच्या जहाजांना समुद्र खुला झाला, म्हणून देशातल्या सगळ्या माणसांना तो आपोआप खुला झाला नाही. ते दुसरं दार होतं, आणि त्याला अजून कित्येक वर्षं लागली.

मग दार कुणी उघडलं?

१९९९. कोलकात्याच्या मरीन इंजिनियरिंग संस्थेतून सोनाली बॅनर्जी बाहेर पडली. भारतातली पहिली महिला मरीन इंजिनियर. सुमतीबेन अध्यक्ष झाल्या त्याच्यानंतर ४३ वर्षांनी! सोनालीच्या वेळी संस्थेत शेकडो मुलगे आणि ती एकटी. तिला राहायला कुठे ठेवायचं, हाच संस्थेला पहिला प्रश्न. दार बंद असतं ते नेहमी कायद्यानंच असतं असं नाही. कधीकधी मुलींचं वसतिगृह नसतं, एवढंच कारण पुरतं.

मग राधिका मेनन. केरळच्या. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून सुरुवात, पुढे भारतीय व्यापारी जहाजावरची पहिली महिला कॅप्टन. जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात ‘दुर्गम्मा’ नावाची मच्छीमार बोट वादळात सापडली. राधिका मेनन यांच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या टँकरनं त्यातल्या सात जणांना वाचवलं. त्यासाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी पहिली बाई.

६ मार्च २०२१ ला आपल्या समोरच, जेएनपीटीहून, ‘स्वर्ण कृष्णा’ हा टँकर निघाला. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा. त्यावरच्या सगळ्या अधिकारी महिला, कॅप्टन सुनेहा गडपांडे.

शिडाच्या बोटीचीही अशीच कथा आहे. कमांडर दिलीप दोंदे आपले मराठी. २००९-१० मध्ये एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली. दोंदेंनी तो अनुभव स्वतःपाशी ठेवला नाही. नौदलाच्या मुलींना शिकवलं. त्याच गोदीत ‘तारिणी’ बांधली, आणि १० सप्टेंबर २०१७ ला वर्तिका जोशीच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या. २१ मे २०१८ ला परत. २५४ दिवस, एकवीस हजारांहून जास्त सागरी मैल. नंतर २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघींनीच, म्हणजे बोटीवर दोघीच, हीच प्रदक्षिणा पुन्हा केली.

ऐकायला भारी वाटतं. पण आकडा ऐका. २०२१ च्या एका जागतिक अहवालानुसार जगभरात व्यापारी जहाजांवर साधारण १९ लाख माणसं काम करतात. त्यात स्त्रिया २४ हजारांच्या आसपास. शंभरात सव्वा. म्हणजे ऐंशी जणांची रांग उभी केलीत, तर त्यात एक बाई.

कारणं? एकेका कंत्राटात कित्येक महिने घरापासून लांब. जहाजावर कधीकधी एकटीच बाई. छळाची भीती, आणि तक्रार करायची तर ती ज्याच्याकडे करायची तो त्याच जहाजावर. लग्न, बाळंतपण, मग परत रुजू व्हायचं की नाही. आणि अगदी साध्या गोष्टी. सेफ्टी बूट, हातमोजे, बॉयलर सूट पुरुषांच्या मापाचे. ढगळ हातमोजा घालून इंजिनरूममध्ये काम करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. हे इतकं साधं आहे, तरी सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात ‘प्रत्येकाला आपल्या मापाची साधनं द्या, महिलांनाही’ हे स्पष्ट शब्दांत यायला २०२२ ची दुरुस्ती लागली. ती लागू झाली २०२४ च्या अखेरीला.

दार असं इंचाइंचानं उघडतं. आधी धोरण, मग वसतिगृह, मग मापाचा हातमोजा.

तुम्हाला जायचं असेल तर

बोरिवली-मुलुंडमध्ये बसून ऐकणाऱ्या मुलामुलींनो, आता कामाचं बोलू.

एक. जहाजावर अधिकारी व्हायचं असेल, तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. तिन्ही मिळून ६० टक्के, आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५०. मग इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा. डेकवर जायचं, म्हणजे पुढे कॅप्टन, तर नॉटिकल सायन्सचे कोर्स. इंजिनरूममध्ये जायचं तर मरीन इंजिनियरिंगचं चार वर्षांचं बीटेक. डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणी कडक असते, ती फी भरण्याच्या आधी करून घ्या. मुलींना वयोमर्यादेत आणि फीमध्ये सवलती आहेत. त्या दरवर्षी नीट तपासा, नियम बदलत असतात.

दोन. दहावीनंतरही रस्ता आहे. जीपी रेटिंग म्हणून सहा महिन्यांचा कोर्स असतो, खलाशी म्हणून सुरुवात. त्यातून परीक्षा देत देत वर जाता येतं.

तीन, आणि हे नीट ऐका. या सगळ्यावर देखरेख करणारं सरकारी ऑफिस, डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंग, दिल्लीत नाही. ते आहे आपल्या कांजूरमार्ग पूर्वेला! मान्यता असलेल्या संस्था आणि परवाना असलेल्या भरती कंपन्यांची यादी त्यांच्याकडे असते. जहाजावर नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये मागणारे दलाल भरपूर आहेत. भरती कंपनीकडे परवाना असावा लागतो, आणि नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला मनाई आहे. कुणी मागितले, तर तिथेच थांबा. मुलुंडच्या मुलाला किंवा मुलीला ही चौकशी करायला लोकलनं तीन स्टेशनं जायचंय.

चार. नोकरी नको, नुसती बोट शिकायचीय? कॉलेजमध्ये एनसीसी असेल, तर नेव्हल विंगची चौकशी करा. शिडाची होडी, वल्हवणं, गाठी मारणं, हे तिथे फुकटात शिकायला मिळतं. यॉट क्लब महाग असतात आणि बहुतेक सगळे दक्षिण मुंबईत. त्यामुळे उपनगरातल्या पोरांसाठी एनसीसी हा सगळ्यात सोपा जिना. आणि हो, आधी पोहायला शिका.

प्रवेश म्हणजे फक्त तिकीट नाही

सगळ्यांना कॅप्टन व्हायचं नसतं. काहींना फक्त पलीकडे जायचं असतं. वर्सोवा ते मढ लाँचनं जा. काही मिनिटांत पलीकडे, बाईकसकट. रस्त्यानं गेलात तर मालाडमार्गे मोठा वळसा. मार्वे ते मनोरी तसंच, बोरिवलीच्या जेटीवरून गोराई तसंच. मढच्या मुलीचं अंधेरीतलं कॉलेज, गोराईच्या बाईची बोरिवलीच्या बाजारातली भाजी, हे सगळं या बोटींवर चालतं. यांच्यासाठी बोट म्हणजे सहल नव्हे. ती त्यांची बेस्टची बस आहे.

पूर्वी अख्ख्या कोकणाची ही अवस्था होती. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची, बंदर बंदर करत गोव्यापर्यंत. आजी-आजोबांना विचारा. कोकणात आगबोटी नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसुद्धा पुढे सिंधियाच्या छत्राखाली आली. पण त्याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. ती दुसऱ्या कंपनीची. सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळ्याचे दिवस, बोट खचाखच भरलेली. आणि अगदी आत्ता, १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. डझनाहून जास्त जीव गेले. त्यानंतर लाईफ जॅकेटची सक्ती बातम्यांत आली.

म्हणून बोट सगळ्यांसाठी असं म्हणताना नुसतं तिकीट स्वस्त करून भागत नाही. ओहोटीला चिखलात न उतरता चढता येईल अशी जेटी हवी. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कुबड्या घेतलेला मुलगा, सगळ्यांना चढता यायला हवं. बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, लहान मुलांना लहान मापाचं. आणि किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीवर मोठ्या अक्षरात. पुढच्या वेळी लाँचवर चढाल तेव्हा तो आकडा शोधा. सापडला नाही तर विचारा. कुणी हसलं तरी विचारा.

सुमतीबेनच्या गोष्टीतून मी जे घेतलं ते हेच. समुद्रावर जायला हिंमत लागते, हे आपण सगळे म्हणतो. हिंमत वर्सोव्याच्या पोरींकडे आधीपासून आहे. कमी पडतात त्या बाकीच्या गोष्टी. शिक्षण देणारी जागा, राहायला खोली, अंगाच्या मापाची साधनं, नीट जेटी, आणि जिथे नियम ठरतात त्या टेबलावर एक खुर्ची. सुमतीबेनना ती खुर्ची मिळाली आणि त्यांनी ती देशाच्या जहाजांसाठी वापरली. त्या टेबलावर आता मढची, मनोरीची, मुलुंडची कुणीतरी बसायला हवी.

तुमच्या ओळखीत बारावीला सायन्स घेतलेली एखादी मुलगी असेल, तर हा भाग तिला पाठवा. सोबत कांजूरमार्गचा पत्ताही. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक एकदा तरी उघडून बघा. राहतो आपण बेटावर, माहीत असायला हवं!